कागदात नसलेली वाकळ

वाटणीला सुरुवात झाली ती उकिरड्यापासून.

हंबीररावांचं म्हणणं असं, की वाटणी घाणीपासून धरावी. भांडायचा पहिला जोर तिथंच जिरतो आणि जमिनीपर्यंत येईस्तोवर माणसं दमून जातात. गावातल्या सतरा घरांच्या वाटण्या त्यांनी ह्याच पद्धतीनं केल्या होत्या. पुढं त्यातल्या दोन घरांत डोकी फुटली, पण ती बांधावरून. उकिरड्यावरून गावात आजवर एकही डोकं फुटलेलं नाही, हे ते अभिमानानं सांगत.

तर सन शहाण्णवची दिवाळी सरली आणि गुरुसिद्ध आणि शिवकुमार ह्या दोघा सख्ख्या भावांनी कासरा टाकून उकिरडा मोजला. मग बैल झाले. मग राजदूत मोटरसायकल. बैल थोरल्याला, राजदूत धाकट्याला. पितळी घागरी, पहार, शिडी, कडबा, परसातलं शेवग्याचं झाड. शेवग्याच्या फांद्यासुद्धा पूर्व-पश्चिम झाल्या. पाटा थोरल्या सुनेकडं गेला, वरवंटा धाकटीकडं. पतसंस्थेतला कारकून कृष्णात चांगल्या अक्षरात सगळं लिहून घेत होता. वरवंट्यापाशी तो जरा अडला, पण हंबीररावांनी "लिव्ह" म्हटल्यावर त्यानं लिहिलं.

दोघांची आई रत्नव्वा चौकटीला पाठ लावून बसली होती. तिचाही नंबर आला.

"आई दसऱ्यापास्नं पाडव्यापत्तोर धाकट्याकडं, पाडव्यापास्नं दसऱ्यापत्तोर थोरल्याकडं," हंबीरराव म्हणाले. "मंजूर?"

"मंजूर," दोघं एका दमात म्हणाले.

अख्ख्या वाटणीत वाद झाला नाही असं हे एकच कलम. रत्नव्वाला त्याचं वाईट वाटलं नाही. बिनविरोध निवडून येणं काही कमीपणाचं नसतं.

"आन काय ऱ्हायलं?" हंबीररावांनी घरभर नजर फिरवली.

रत्नव्वानं मान वर केली. कणगीवर दहा वाकळा घड्या घालून रचलेल्या होत्या. अकरावी चौघडी करून पंचांना बसायला घातली होती. हंबीरराव तिच्यावरच मांडी ठोकून बसले होते.

"काय न्हाई," गुरुसिद्ध म्हणाला.

"न्हाई," शिवकुमारनं री ओढली. हल्ली दोघांचं एकमत व्हायचं ते एवढ्याच शब्दावर.

अंगठे-सह्या झाल्या. चहा झाला. हंबीरराव गुडघ्यावर हात देऊन उठले, तशी रत्नव्वानं त्यांच्या बुडाखालची वाकळ उचलली, दोनदा झटकली आणि कणगीवर ठेवून दिली. ज्या वाकळेवर बसून घर वाटलं गेलं, ती वाकळ कागदात नव्हती. उकिरडा होता.

*

रत्नव्वाचं माहेर अथणीकडचं. तिकडं वाकळेला कौदी म्हणतात. लग्न होऊन वडगावजवळच्या ह्या गावात आली तेव्हा तिला मराठी चार शब्द येत होते, आणि त्यातले दोन सासूनं घातलेल्या शिव्यांचे होते. सासूनं तिला वाकळेला बसवलं. हातात सुई असली की भाषा लागत नाही. चाळीस वर्षांत मराठी आली, सासू गेली, मालक गेले. मोजायचं मात्र ती अजून कानडीतच मोजायची. ओंदु, एरडु, मूरु.

वाकळ शिवायची म्हणजे उन्हाळ्यात. अंगणात जुनी लुगडी, धोतरं पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि गुडघ्यावर बसून कडेनं टाका धरायचा. कडेनं आत, आत, मधापर्यंत. संध्याकाळी उठताना गुडघे तिचे नसायचे. उजव्या तर्जनीच्या शेंड्याला एवढा घट्टा पडला होता, की चुलीतला निखारा ती त्या बोटानं सारायची.

शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा. हे सासूचं शिकवणं. वाकळ उपाशीपोटी शिवू नये. उपाशी वाकळ माणसाची ऊब खाते, आणि पोट भरलेली असली की माणसाला ऊब देते. त्या तुकड्याच्या वासानं उंदीर कोपरा कुरतडतात हे खरं. पण उंदरानं कुरतडलं म्हणून कुणी सुनेला उपाशी ठेवत नाही, असं सासू म्हणायची. सुनेला ठेवायची ती गोष्ट वेगळी.

अकरा वाकळांतली एक 'थोरली'. पाच माणसं निजतील एवढी. तिच्यात मालकांची धोतरं होती, त्यांचा लग्नातला पटका होता, रत्नव्वाचं हळदीचं इरकल होतं, आणि सगळ्यांच्या पोटात सासूची जुनी वाकळ अख्खी होती. तिच्या पोटात सासूच्या सासूची होती म्हणे. उसवून बघायची कुणाला छाती झाली नाही. भिजली तर दोन गड्यांना उचलत नसे. एवढी वाकळ, आणि कृष्णातच्या नजरेला पडली नाही.

 रत्नव्वानं आठ दिवस वाट बघितली. तिचा हिशेब साधा होता. वरवंट्यासाठी दोन सुना चार दिवस बोलत नव्हत्या. वाकळेसाठी कुणी निदान एक वाईट शब्द तरी बोलावा.

घराच्या मधोमध विटांची भिंत आली. कणगी रत्नव्वाच्या खोलीत राहिली, ती खोली धाकट्याच्या अंगाला. संध्याकाळी जेवणं झाली की थोरल्याकडची माणसं भिंतीला वळसा घालून यायची, कणगीवरनं आपापली वाकळ ओढायची आणि जायची. सकाळी घडी करून परत ठेवायची. धाकट्याकडचीही तशीच. कुणी विचारत नव्हतं, कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. रांजणातलं पाणी घ्यावं तशी वाकळ घ्यायची.

"रांजणाला तरी कुणी झाकण ठेवतंय," ती शेजारच्या विठाबाईला म्हणाली.

विठाबाई म्हणजे तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. मैत्री कशी, तर दोघी रोज भांडायच्या आणि वाकळ मात्र एकमेकींच्या अंगणात शिवायच्या.

"तुला काय पायजे? हार घालायचा वाकळंला?" विठाबाई म्हणाली.

"नावं लिवायची होती. 'अकरा वाकळा.' दोन शब्द. शाई महाग हाय का?"

"आगं पोरं हायत. पोरांचं ध्येन असतंय का?"

"उकिरड्यावर होतं की ध्येन!"



नवव्या दिवशी सकाळी धाकटी सून सुष्मिता आली. जयसिंगपूरची पोर, बी.ए. झालेली, स्वभावानं चांगली. तिच्या तोंडात वाईट हेतूनं वाक्य कधी यायचं नाही, नुसतंच यायचं.

"अव्वा, एखादी फाटकी वाकळ द्या ना."

"कशाला गं?"

"राजदूतवर टाकायला. दव पडतंय, सीट ओली होती. आणि बाकीच्या माळ्यावर टाकूया का हळूहळू? दारावर पानिपतची ब्लँकेटं आली होती, दोन घेतल्यात. हलकी आहेत एकदम."

रत्नव्वानं तिच्याकडं बघितलं. मग दारातल्या राजदूतकडं बघितलं. राजदूतचं नाव कागदात होतं. त्याला थंडी वाजायचा हक्क होता.

"बघते," ती म्हणाली.

*

दोनच दिवसांनी दत्तजयंती होती. विठाबाई दरसाल गावातल्या बायका टेंपोत घालून नृसिंहवाडीला न्यायची. रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन परत. नदीकाठची थंडी, आणि निजायला धर्मशाळेची फरशी.

टेंपो पहाटेच दारात आला. गुरुसिद्ध उसाला पाणी पाजायला गेला होता, शिवकुमार डेअरीवर. रत्नव्वानं एकेक वाकळ कणगीवरनं काढली आणि टेंपोत टाकली. ओंदु, एरडु, मूरु... थोरलीला तिला आणि विठाबाईला दोघींना दोन बाजू धरायला लागल्या.

"बसायला काय एवढ्या?" विठाबाई म्हणाली.

"जाताना बसा. तिथं धर्मशाळंत देऊन टाका. यात्रंकरूंना होतील."

"सगळ्या? तुझं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?"

"ज्याला मालक न्हाई ते देवाचं. जा आता."

बायका अकरा वाकळांवर मऊ बसून, दत्ताचा गजर करत निघून गेल्या. रत्नव्वा रिकाम्या कणगीसमोर उभी राहिली. कणगी एकदम बुटकी दिसायला लागली होती. तिला वाटलं होतं, आता बरं वाटेल. दुपारपर्यंत तिनं बरं वाटायची वाट बघितली.

संध्याकाळी जेवण करून गुरुसिद्ध नेहमीसारखा वळसा घालून आला. कणगीकडं हात गेला तो तसाच राहिला.

"अव्वा, वाकळा कुठं हायत?"

"दिल्या."

"धुवायला?"

"दान. वाडीला."

भिंतीपलीकडनं थोरली सून पवित्रा आली. आवाज ऐकून शिवकुमार आला, मागं सुष्मिता. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा दोघं भाऊ एका छपराखाली समोरासमोर उभे राहिले. एकमेकांकडं न बघता दोघं आईकडं बघत होते.

"सगळ्या?" शिवकुमार म्हणाला. "माझी बी?"

"तुझी कंची? काढ कागद. वाच. कुठं लिवलंय, शिवकुमारची वाकळ म्हणून?"

"थोरली बी दिलीस?" गुरुसिद्धचा आवाज चढला.

"उकिरडा हाय कागदात. वरवंटा हाय. मी हाय. वाकळ हाय का? न्हाई. मग ती कुणाची? कुणाचीच न्हाई. दिली."

"आगं पण..." गुरुसिद्ध खाली बसला. मोठा आडदांड माणूस, त्याला बोलताना शब्द शेतातनं उपटून आणल्यासारखे आणावे लागायचे. "आगं, वाकळ कुठं वाटणीत घालत्यात व्हय? वाटणी परक्या जिनसांची. वाकळ अंगाची. आमी कान वाटून घेतलं का? नाक लिवलं का कृष्णातनं? ज्याची त्याची वाकळ ज्याला त्याला ठावं हाय. ती काय लिवायची?"

शिवकुमारनं मान हलवली. आणि ती भावाच्या बोलण्यावर हलवली.

रत्नव्वानं पदर सारखा केला. कानाची गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. पण इतक्या लवकर हरायची तिला सवय नव्हती.

"मग हे आधी बोलायला तोंड न्हवतं?"

"असलं कोण बोलतंय अव्वा!" गुरुसिद्ध लाजून ओरडला.

त्या रात्री थोरल्याकडं पोती पांघरली गेली आणि धाकट्याकडं पानिपत. सकाळी सुष्मिता चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे तांबारलेले होते.

"झोप न्हाई लागली?"

"ब्लँकेटला वजनच नाही, अव्वा. अंगावर कुणी आहे असं वाटतच नाही."

*

दान परत आणायचं तर देणारा पाहिजे, म्हणून आई पाहिजे. जायचं तर मोटरसायकल पाहिजे, म्हणून धाकटा पाहिजे. आणि रत्नव्वा मोटरसायकलवर जन्मात बसली नव्हती; मागनं कुणीतरी गच्च धरल्याशिवाय ती बसणार नव्हती, म्हणून थोरला पाहिजे. अशा रीतीनं वाटणीनंतर सारं घर पहिल्यांदा एकत्र आलं ते राजदूतच्या सीटवर.

पुढं शिवकुमार, मध्ये रत्नव्वा, मागं गुरुसिद्ध. हातकणंगले मागं पडलं. वारा कानात सुया घालत होता. मग एक खड्डा आला आणि तिघंही वीतभर उडून खाली बसली.

"अव्वा, त्याला सांग, खड्डं बघून चालीव," गुरुसिद्ध मागनं म्हणाला.

रत्नव्वानं पुढं सांगितलं.

"अव्वा, त्याला सांग, गाडी माझ्या वाटणीला हाय. खड्ड्यातनं न्हेईन न्हाईतर आभाळातनं."

रत्नव्वानं मागं सांगितलं. जयसिंगपूरपर्यंत ती असं टपाल पोचवत होती. शिरोळला तिनं टपाल बंद केलं आणि दोघांना सांगितलं, "माझं दात वाजाय लागल्यात. आता तुमचं तुमी बोला, न्हाईतर गप बसा." दोघं गप बसले. पण मागच्यानं आपला पटका सोडून आईच्या कानांना बांधला, आणि पुढच्यानं गाडी सावकाश केली.

धर्मशाळेची व्यवस्था बघणारे दत्तोपंत हे टोपी घातलेले, बारीक चणीचे गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, दान दिलेलं परत मागत नाहीत. देताना विचार करायचा."

"केलता की. तोच चुकला," रत्नव्वा म्हणाली.

दत्तोपंतांना असं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आत साठ-पासष्ट वाकळा आहेत. गावोगावच्या बायका देतात. उद्या कुणीही येईल आणि चांगली बघून घेऊन जाईल. तुमच्या कोणत्या, ओळख पटवाल?"

ओसरीवर वाकळांचा ढीग होता. काही घड्या केलेल्या, काही यात्रेकरूंनी जशा टाकल्या तशा. विठाबाई तिथंच बसून दात घासत होती. तिनं रत्नव्वाला बघितलं आणि तोंडातली राखुंडी थुंकून म्हणाली, "आलीस? मला ठावं होतं. म्हणूनच अजून देते म्हणून तोंडानं बोलले न्हवते, नुसत्या टाकून ठिवल्यात."

रत्नव्वा पुढं सरकायच्या आतच पोरं ढिगात शिरली होती. गुरुसिद्ध तर वाकळा हातानं बघतच नव्हता, नाकाला लावून बघत होता.

"ही पवित्राची."

"ही माझी," शिवकुमार म्हणाला. "हितं लाल ठिगळ हाय."

"ते कसलं ठिगळ ते बी सांग की सायबास्नी. सातवीपत्तोर हातरूण भिजवत हुतं, म्हणून."

"आन तुझी बघ. हितं जळलंय बिडीनं. नववीत असताना आत तोंड घालून वडलीस ती."

रत्नव्वा पुढं झाली. "कुणी वडली?"

दोघांनी ढिगात माना घातल्या.

त्या जळक्या भोकावरनं तिनं मालकांना वीस वर्षं बोलणी घातली होती. दर उन्हाळ्यात वाकळ उन्हात टाकली की तिला ते भोक दिसायचं आणि ती सुरू व्हायची. मालकांनी एकदाही 'मी न्हवं' म्हटलं नव्हतं. खाली मान घालून सुपारी कातरत बसायचे. तिनं ते भोक बोटानं चाचपलं. मग थोरल्याच्या पाठीत एक धपका घातला. तो नेमका कुणासाठी होता ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

दहा वाकळा निघाल्या. थोरली नव्हती.

ती आतल्या खोलीत सापडली. तिच्याखाली कुणीतरी गाढ झोपलं होतं. पिकल्या मिश्यांचा, दांडगा माणूस. छातीपर्यंत वाकळ ओढून, तोंड अर्धं उघडं टाकून तो असा घोरत होता की खिडकीची कडी हलत होती.

"उठवू का?" शिवकुमार म्हणाला.

"गप," गुरुसिद्ध म्हणाला. "थोरलीतनं कुणी उठवलंय का आजवर कुणाला? अप्पा उठवायचं का?"

त्यांचे वडील, म्हणजे अप्पा, उठवायचे नाहीत. साखरझोपेतल्या पोरांना ते वाकळेतच ठेवून रानात जायचे, हे खरं होतं.

मग दोघं भाऊ दारातल्या पायरीवर बसले. रत्नव्वा मागं भिंतीला टेकून बसली. ऊन पायरीवर आलं, पायरीवरनं आत आलं. 

"तू लाथा मारायचास," शिवकुमार समोर बघत म्हणाला.

"तू वढायचास. अप्पाचं पाय उघडं पडायचं."

"अप्पा कधी बोललं न्हाईत."

"न्हाईत."

गुरुसिद्ध पायरीवरची काडी मोडत म्हणाला, "उसाला पाणी मंगळवारी तू घे. मी बुधवारी घीन."

"घे की तूच. मला डेअरी असती."

वाटणी ज्या पाण्यावरनं पेटली ते पाणी असं पायरीवर, अर्ध्या मिनिटात मिटलं. रत्नव्वानं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवायला डोळे मिटून घेतले.

मिशीवाला उठला तेव्हा दहा वाजले होते. दारात तीन माणसं बघून तो दचकला.

"काय पावणं? काय झालं?"

"काय न्हाई. निजा तुमी," गुरुसिद्ध म्हणाला.

"आता कुठलं निजतोय! मर्दा, तीस वर्षं कळंब्याच्या जेलात पहारा केला. सगळी रात्रपाळी. रिटायर हून चार वर्षं झाली, पर रातचा डोळा म्हणून लागत न्हाई. घरात येरझारा घालतो, बायको म्हणती, कैदी न्हाईत हितं, निजा. दर पुनवंला हितं येतो, पर आज दत्तानं झोपिवलं बघा." त्यानं वाकळ उचलली, उभं राहून टोकाला टोक जुळवलं, चारदा घडी घातली. सरकारी नोकरीतली घडी. कुठं सुरकुती नाही. "कुणाची वाकळ ही?"

"माझी," गुरुसिद्ध म्हणाला.

"माझी," शिवकुमार म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"तुझी कशी? थोरल्याची ती थोरली!"

"शेंडेफळ म्हणून अप्पानं कायम तिच्यातच घेतलं मला! तू बारा वर्षांचा झालास तवा भाईर काढला होता!"

"काढला न्हवता, मी निघालतो!"

"बिडी वडायला!"

आवाज चढत गेले. विठाबाई धावत आली. दत्तोपंत आले. मिशीवाला घडी छातीशी धरून जुन्या सवयीनं दोघांच्या मध्ये उभा राहिला. रत्नव्वा भिंतीला टेकून ऐकत होती. बैलांवरनं भांडण झालं तेव्हा तिनं कानावर पदर ओढला होता. राजदूतवरनं झालं तेव्हा ती जेवली नव्हती. हे भांडण मात्र तिला असं गोड लागत होतं, की कुणी मिटवायला येऊ नये.

"तुमचा निवाडा तुमच्या गावात," दत्तोपंत म्हणाले. "न्या वाकळा. पण एक सांगतो. दान आलेलं सगळंच्या सगळं परत गेलं, असं ह्या वास्तूत झालेलं नाही. एक तरी राहू द्या."

"ह्याची ठेवा," दोघं एकमेकांकडं बोट करून म्हणाले.

रत्नव्वा उठली. ढिगातनं तिनं आपली स्वतःची काढली. निळ्या लुगड्याची, एकटीपुरती, मालक गेले त्या साली शिवलेली. कोपरा दाबून बघितला. आत भाकरीचा तुकडा खड्यासारखा लागला. तिनं ती मिशीवाल्याच्या हातात दिली.

"तुमी दर पुनवंला येता न्हवं? हितंच ठिवा. आला की निजा."

"आन अव्वा, तू काय पांघरणार?" शिवकुमार म्हणाला.

"थोरली," रत्नव्वा म्हणाली आणि पायरी उतरली.

*

नऊ वाकळा बायकांबरोबर टेंपोत आल्या. थोरली टेंपोत टाकायला दोघंही तयार होईनात. एकाला वाटायचं, टेंपो दुसऱ्याच्या दारात थांबेल. शेवटी ती मोटरसायकलवर मध्ये बसलेल्या आईभोवतीच गुंडाळली. वाडीपासून वडगावपर्यंत रस्त्यावरच्या लोकांनी दोन माणसांच्या मध्ये एक भलं मोठं गाठोडं जाताना बघितलं. गाठोड्याला थंडी वाजत नव्हती.

तिसऱ्या दिवशी हंबीरराव पुन्हा आले. त्यांना बसायला पाट दिला. कृष्णातनं कागद उघडला.

"हं, वाकळ थोरली, एक नग," हंबीरराव म्हणाले. "कापायची का?"

"हात लावून बघा," रत्नव्वा आतनं म्हणाली.

"बरं, न्हाई. मग आई जिकडं, वाकळ तिकडं. तिची तिनं देऊन टाकलीया, तवा ही तिच्या पांघरुणाची. मंजूर?"

"मंजूर," शिवकुमार झटक्यात म्हणाला.

गुरुसिद्ध बोटं मोजत होता. "थांबा. आई दसरा ते पाडवा ह्याच्याकडं. म्हंजे सगळी थंडी ह्याच्याकडं! आन मला चैत-वैशाख? हे काय न्हाई मंजूर. मला आई थंडीत पायजे."

"उन्हाळ्यात चालत न्हाई व्हय तुला आई?" हंबीरराव म्हणाले.

"चालती. पर थंडीत पायजे."

"तू मंजूर म्हणला हुतास!" शिवकुमार उठला. "आईवर सही केलीयास! आता आई न्हाई मिळायची!"

उकिरड्यापासून सुरू न करता हंबीररावांनी केलेली ही पहिली वाटणी, आणि ती दुपारपर्यंत चालली. शेवटी पंधरवड्याची पाळी ठरली. अमावस्येला आणि पौर्णिमेला आई वाकळेसकट भिंतीला वळसा घालणार. वाकळ उचलायला दोन्ही भाऊ लागणार, हे कृष्णातनं आपल्या मनानं कागदात घातलं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी अंगणात विठाबाई म्हणाली, "काय गं, एवढं भांडण झालं ते तुझ्यापायी का वाकळंपायी?"

"मी इचारलं न्हाई," रत्नव्वा म्हणाली. "तू बी इचारू नको."

समोर सुष्मितानं तिची दोन लुगडी अंगणात पसरली होती. कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. सासूची वाकळ गेली ती आपल्या राजदूतच्या बोलण्यानं, हे तिला कुणी न सांगता कळलं होतं आणि ती भर थंडीत रत्नव्वासाठी नवी शिवायला बसली होती. टाके कावळ्याच्या पायांसारखे पडत होते. बोटाला दोनदा सुई टोचली होती. बाजूला ताटलीत भाकरीचा चतकोर आधीच काढून ठेवला होता.

"अव्वा, बसून रोज दोन-तीन तास घातले तर संक्रांतीपर्यंत होईल ना?"

रत्नव्वानं खाली वाकून एक टाका बघितला. वाकडा होता. तिनं तो उसवला नाही. मग तिनं भिंतीकडं बघितलं, अलीकडं, पलीकडं, आणि सुनेच्या शेजारी टेकली.

"सावकाश शीव गं बाई," ती म्हणाली. "थंडी सरंस्तवर न्हाई झाली तरी चालंल."